पानिपतचा पाय

डॉ. निर्मला देवस्थळींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर मुळीच नाहीत. पाय मात्र एकदा पाहिला की कायमचा! गुडगावच्या एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एक ठेंगणीशी बाई, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. दार उघडल्यावर बाहेर पडता पडता म्हणाली, "डाव्या पायावर फार भार टाकतेस गं. कंबर दुखत असणार. कुठली तू, पुण्याची?"

मी चाट पडले. कंबर खरंच दुखत होती, आणि मी खरंच पुण्याची होते. पायावरून गावसुद्धा कळतं की काय या बाईला? नंतर कळलं, माझ्या पायातली जोडवी आपल्याकडच्या घडणीची होती. त्यावरून मराठी ओळखलं, आणि "पुण्याची" हा निव्वळ अंदाज होता. "मराठी माणूस गुडगावात आलं की शंभरातलं निम्मं पुण्याचं असतं," त्या म्हणाल्या. त्या स्वतः सोलापूरच्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी डब्यातली शेंगाची चटणी माझ्या पोळीवर ठेवली आणि मी त्यांना "मॅडम" म्हणायचं सोडून "ताई" म्हणायला लागले.

तेव्हाचं गुडगाव आठवलं की अजून अंगात उत्साह संचारतो. काचेच्या इमारती रोज एकेक मजला वर जात होत्या. दोन इमारतींच्या मधे मोहरीचं शेत आणि शेताच्या कडेला म्हशी. माझा नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता, आमच्यासारखी कितीतरी जोडपी बिऱ्हाड पाठीवर टाकून आली होती. वीज दिवसातून कितीदा जायची याला धरबंध नव्हता. पण गेली की सगळीकडून जनरेटर घरघरायला लागत, आणि त्या घरघरीतसुद्धा आपण काहीतरी मोठं उभं करतोय असं वाटायचं. पैसा आला, गाड्या आल्या, बैठी कामं आली आणि मागोमाग साखर आली. माझं दुकान जोरात चालायचं ते त्यामुळेच.

ताईंचं दुकान मात्र वेगळं. त्या शल्यविशारद, पण कापण्यापेक्षा वाचवण्याचा नाद. "कापायला आरी पुरते. वाचवायला डोकं लागतं आणि वर धीर लागतो," असं म्हणायच्या. हॉस्पिटलने त्यांना फिरती, गुबगुबीत खुर्ची दिली होती. तिच्यावर बँडेजचे गठ्ठे असत. स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि पेशंटचा पाय सरळ मांडीवर घ्यायच्या. पेशंट फाइल पुढे करायला लागला की, "पहले पैर दिखाओ जी, मुंह बाद में!" सगळा स्टाफ त्यांना "पैरोंवाली डाक्टरनी" म्हणायचा. त्यांना ते फार आवडे.

मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते. खिळा रुतला तरी माणसाला पत्ता नसतो. जखम चिघळते, मग बोट जातं, मग पाऊल, मग पाय. म्हणून ताईंचा पादत्राणांवर डोळा असायचा, आणि त्यावरून एकदा भलतंच रामायण घडलं. आमच्या मराठी मंडळाचा गणपती सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये बसला होता. आरती सुरू झाली आणि ताई दिसेनात. मी शोधत बाहेर आले, तर चपलांच्या ढिगाशी ताई उकिडव्या बसलेल्या, एकेक चप्पल उचलतायत, आत बोटं फिरवतायत, झटकतायत, ठेवतायत. समोर सिक्युरिटीवाला काठी रोखून उभा. "मैडम, जूते चोरी करते शरम नहीं आती?"

"अरे बाबा, ये देखो!" ताईंनी एका बुटातून चांगला बोटभर खडा काढून त्याच्यासमोर नाचवला. "घूम रहा है ये लेके! सबेरे से! पता भी नहीं उसको!" तो बूट मंडळाच्या अध्यक्षांचा निघाला. अध्यक्षांना आरतीतून बाहेर ओढून, तिथल्या तिथे मोजा काढायला लावून ताईंनी पाय तपासला. तळव्याला लाल वळ उठला होता आणि त्यांना खरोखरच काही जाणवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष माझ्यासमोर बसून निमूटपणे मोदकांचा हिशेब देत होते!

त्याच सुमारास ते जेल आलं. जखम भरून काढण्यासाठी शरीर स्वतः जो पदार्थ तयार करतं, ज्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात, तोच कारखान्यात बनवून जेलमध्ये मिसळलेला. नळीत भरलेला, जखमेवर लावायचा. महाग, आणि फ्रीजमध्ये ठेवावा लागणारा. कंपनीने दिल्लीच्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम केला. पडद्यावर जखमा मिटताना दाखवत होते, खाली डॉक्टर मंडळी पनीर टिक्का खात होती, आणि ताई पहिल्या रांगेत लहान मुलीसारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा थेट मंचावर चढल्या.

"भाईसाहब, चीज बढ़िया है. लेकिन ये लोग समझेंगे जादू है. जादू नहीं है, मुकादम है! बाहर इतनी बिल्डिंगें बन रही हैं, देखा है न? मुकादम ईंट नहीं उठाता, सीमेंट नहीं मिलाता. वो सिर्फ चिल्लाता है, चलो, काम पे लगो! अब जमीन पे कचरा पड़ा है, पानी आता नहीं, और ऊपर से दिनभर ट्रक जा रहा है, तो मुकादम चिल्लाके क्या करेगा?"

सभागृह हसलं. मग त्यांनी मराठीत मला, हॉटेलभर ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं, "अनघा, कचरा म्हणजे मेलेली कातडी, ती काढायची. पाणी म्हणजे रक्तपुरवठा, तो बघायचा. आणि ट्रक म्हणजे माणसाचं वजन! ते जखमेवरून उठवायचं. मग नळी उघडायची!" घरी येताना गाडीत त्या अखंड बोलत होत्या. इतकी वर्षं आपण नुसती वाट बघायचो गं, आता शरीराला हाक मारता येते, कळतंय का तुला, हाक! त्यांचा आनंद असा होता की शेजारी बसणाऱ्याला तो घ्यावाच लागे.

आणि मग रामकिशन आले. पानिपतचे विणकर, साठीच्या आसपासचे, उंच, मिशीवाले. बरोबर बायको बिमला, तिच्या काखेत घरचाच विणलेला एक खेस, म्हणजे जाड सुती चादर. उजव्या तळव्याला अंगठ्याच्या बुडाशी जखम, कित्येक महिने न भरलेली. एका ठिकाणी त्यांना पोटरीतून पाय काढायला सांगितलं होतं.

"मैं बुनकर हूं जी," ते स्टुलावरच्या ताईंकडे वरून बघत म्हणाले. "हाथ आधा काम करै है, आधा पैर. पैर गया तो खड्डी गई." खड्डी म्हणजे खड्ड्यात बसून चालवायचा हातमाग. "खड्डी गई तो फेर मैं के सूं?" माग गेला तर मग मी कोण, असं ते विचारत होते.

ताईंनी पाय मांडीवर घेतला. नाडी हाताला लागेना. मग ते छोटं यंत्र काढलं, नाडीचा आवाज ऐकवणारं, आणि घोट्याच्या मागे टेकवलं. खरखर, खरखर, आणि मग एकदम धप्प, धप्प, धप्प. "आहे! आहे! पानी है, पानी है!" त्या अशा ओरडल्या की बाहेरच्या रांगेतले लोक पाणी आलं समजून उठून उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पानिपताहून आलाय पाय. या वेळी हरायचं नाही हं!"

आणि सुरुवात तर अशी झाली की विचारू नका! ताईंनी जखमेतली सगळी मेलेली कातडी साफ केली, औषधांनी पू थांबवला, मी साखर ताळ्यावर आणली. मग जेल. रोज एकदा, पातळसा थर, वर सलाइनमध्ये भिजवलेली जाळीची पट्टी. बिमलाला शिकवताना तिने पहिल्याच दिवशी रोटीवर लोणी थापावं तसा थर दिला. "भाभी, ये परांठा नहीं है! सिक्के की किनार जितना, बस!" राखाडी पडलेल्या जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसायला लागले. ताई वॉर्डबॉयपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना ओढून आणायच्या. "बघ की! डाळिंब! सोलापूरचं डाळिंब फुटलंय!" स्वच्छ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर जखमेची कड पेनाने काढून घ्यायच्या आणि जुना तुकडा त्यावर ठेवून खिडकीशी धरायच्या. आकार दर वेळी लहान होत होता. निम्मी जखम भरली आणि रामकिशनना घरी सोडलं. ताईंनी बजावलं, "पैर पे खड़ा नहीं होना. चलना नहीं. बस, बैठे रहना."

"बैठा रहूंगा जी," ते म्हणाले.

नळी फ्रीजमध्ये ठेवायची, पण त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. गल्लीत जनरेटरवर चालणारा भरवशाचा फ्रीज एकच, हलवायाचा. म्हणजे मधुमेह्याचं औषध मिल्ककेकच्या शेजारी! मला ते मुळीच पसंत नव्हतं. आणि पुढच्या दोन्ही खेपांना जखम जराही भरलेली दिसेना, तेव्हा मी मनात निकाल लावून टाकला. नळी आणायला जातात आणि बर्फी खाऊन येतात! मी रामकिशनना असं काही फैलावर घेतलं की बिमला रडायला लागली. नळी रोज बिमलाच आणत होती. साखर तपासली, तर उत्तम.

जखमेचे दाणे फिके पडले. कडेला पांढरी, घट्ट कातडी चढली. हॉस्पिटलातल्या मोठ्या सर्जननी येऊन पाहिलं आणि म्हणाले, औषध चाललं नाही, आता आणखी किती दिवस थांबणार? संसर्ग हाडात गेला तर गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागेल. त्यात खोटं काही नव्हतं. ताईंनाही ते माहीत होतं. "हाडात गेलं तर मीच कापीन," त्या म्हणाल्या. "पण मुकादम ओरडतोय, जमीन साफ आहे, पाणी आहे. मग ट्रक कुठून येतोय?" रामकिशन समोर ऐकत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण मोठ्या सर्जनच्या तोंडून निघालेला "काटना" हा शब्द बरोबर कळला होता. त्यांनी उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

ताईंनी कडेची घट्ट कातडी तासायला घेतली. चिमट्याला काहीतरी लागलं. त्यांनी ते हलकेच ओढलं आणि खिडकीशी धरलं. केसाएवढा लाल धागा.

"चले थे?"

"एक कदम नहीं जी."

"खड़े हुए थे?"

"ना जी. इससे पूछ लो." बिमलाने गळ्याला हात लावून शपथ घेतली. दोघंही खरं बोलत होती, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. विणकराच्या घरात धागे उडणारच, असं मी म्हणाले. पण ताई त्या तळव्याकडे बघतच राहिल्या होत्या. घट्ट कातडी गोल चढली नव्हती, आडव्या पट्टीसारखी चढली होती. "काठीवर पाय ठेवल्यासारखी," त्या पुटपुटल्या. "रविवारी काय करतेयस तू?"

रविवारी त्यांच्या लहानशा मारुतीतून आम्ही पानिपतला निघालो. ताई गाडी चालवत होत्या, म्हणजे ट्रकवाल्यांशी भांडत होत्या. रामकिशनच्या गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. ताई एकदम थांबल्या, डोळे चमकले. सोलापूरला त्यांच्या घरामागे विणकरांची आळी होती, या आवाजात अभ्यास केला मी, म्हणाल्या. रामकिशनच्या दारातूनही खटखट ऐकू येत होती.

आत माग मांडलेला. खड्ड्याच्या काठावर रामकिशन बसलेले, आणि खड्ड्यात, लाकडी पावडीवर, बिमलाने मन लावून बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र पट्टीतला तो उजवा पाय. खट्, दाबली. खट्, सोडली. आम्हाला बघून ते दचकले नाहीत की लपले नाहीत. तोंडभर हसले. "आओ जी, आओ डाक्टरनी जी! देख लो, आपने कहा था बैठे रहना. सुबह से शाम, बैठा ही हूं."

मग ताई मटकन जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं अनघा, चूक माझी! माझीच गं! मागाच्या आवाजात वाढलेली मी, आणि विणकराला सांगते, बसून राहा! बसून राहा!" रामकिशन गोंधळून बिमलाकडे बघायला लागले.

ताईंनी त्यांना उठवून खाटेवर बसवलं, स्वतःचा बूट-मोजा काढला आणि पदर खोचून खड्ड्यात उतरल्या. पावडी दाबली. पुन्हा दाबली. "इथे! इथेच! अंगठ्याच्या बुडाशी! सापडला ट्रक!" गल्लीतली बायका-मुलं दारात जमली होती. डाक्टरनी खड्डी चलावै है, असा बोलबाला झाला.

आता खरा पेच. रामकिशन पावडीवरून पाय उचलायला तयार, पण माग सोडायला तयार नाहीत. मागावर चढवलेला ताना, म्हणजे उभे धागे, अर्धाच विणून झाला होता. "चढ़ा हुआ ताना अधूरा नहीं छोड़ते जी. घर का बुरा होवै." ताई ओरडल्या, समजावून थकल्या, शेवटी हात जोडले. ते मान खाली घालून बसून राहिले. तेव्हा बिमला उठली. आयुष्यभर तिने नुसत्या सुताच्या कांड्या भरून दिल्या होत्या, मागावर कधी बसली नव्हती. ती खड्ड्यात पाय सोडून बसली. "ताना पूरा होगा," ताई म्हणाल्या. "आपके पैर से नहीं, इनके पैर से. आप खाट पे, पैर तकिये पे, मुंह चलाओ जितना चलाना है!"

पहिला धोटा बिमलाने असा फेकला की तो रामकिशनच्या खाटेखाली गेला. पुढचं वीतभर कापड इतकं वेडंवाकडं झालं की रामकिशननी डोळ्यांवर हात घेतला. त्यातले काही आडवे धागे ताईंचे होते आणि ते सगळ्यांत वाईट होते. "पैर बच जावैगा जी," ते कण्हत म्हणाले, "खेस ना बचै!"

ताईंनी त्यांच्या पायाला काढता-घालता येणारं प्लास्टर बनवलं, जखमेखाली पोकळ ठेवलेलं. पहाडगंजच्या घाऊक बाजारातून मऊ रबराचे तुकडे आणून पुढच्या जोड्यासाठी स्वतः कापून ठेवले. जेल पुन्हा सुरू झालं. तेच जेल, तोच पातळ थर, तोच हलवायाचा फ्रीज. आणि डाळिंब पुन्हा फुटलं! एकावर एक ठेवलेले प्लॅस्टिकचे तुकडे बघायला आता मोठे सर्जनही येऊन उभे राहायचे. हरभऱ्याएवढी, मग मुगाएवढी, मग नुसती रेघ.

थंडीतल्या एका सकाळी ताईंनी कोरडी पट्टी त्या जागी दाबून धरली. ओल आली तर जखम अजून उघडी. त्या कितीतरी वेळ धरून बसल्या. मग पट्टी उलटी केली. कोरडी! खडखडीत कोरडी! मला वाटलं, आता हॉस्पिटल डोक्यावर घेणार. पण त्यांनी नुसती ती पट्टी मला दाखवली, बिमलाला दाखवली, आणि रामकिशनच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मिशीला लावली. मी तर रडायलाच लागले. मला कसली लाज वाटली नाही.

त्यानंतरही मऊ जोडे घालून, थोडं थोडं चालत, नव्या कातडीला सवय लावायची होती. ताईंनी तेही महिनाभर करून घेतलं. मग एक दिवस रामकिशन म्हणाले, आज गाडी नको, रिक्षा नको, हायवेवर जाऊन पानिपतची बस पकडतो. दाट धुकं होतं. आम्ही दोघी त्यांच्या मागे निघालो, ताई कंबरेत वाकून, नजर त्यांच्या टाचांवर. "एड़ी पहले! छोटे कदम!" येणारेजाणारे वळून बघत होते.

पुढे महिन्याभरात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याला परतलो. ताईंशी फोनवर बोलणं होत राहिलं, पण मनात राहिल्यात त्या बसच्या सकाळच्या ताई. धुक्यातून बस आली. खचाखच भरलेली. बिमला आधी चढली. रामकिशननी दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि वर जाण्यासाठी सगळं वजन त्याच्यावर टाकलं. जन्मभर लोकांच्या पायांवरून नजर न हटवणाऱ्या ताईंनी माझा दंड पकडला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"चढले का गं?"

"चढले, ताई."

"दुखल्यासारखं केलं?"

"नाही. पण जागा नाहीये. उभे आहेत."

ताईंनी खाडकन डोळे उघडले. बस सुटली होती. शाल रस्त्यावर टाकून त्या धावल्या, बसच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारत, "रोको! ए भैया, रोको! सीट दो उनको! मेरा पैर है वो, मेरा पैर!"

बस थांबली.